वत्सगुल्मची वारसनोंद

आमच्या मालेगावात घरातला कर्ता माणूस गेला की तेरवी आटोपल्यावर पहिलं काम असतं ते तलाठ्याकडे जाऊन वारस लावण्याचं. (हे नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव नव्हे. अकोल्याहून वाशीमला जाताना लागतं ते.) मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं शपथपत्र, मग गाव नमुना ६ क मध्ये नोंद, आणि त्यानंतर फेरफार. वारसांत एखादं मूल अठराच्या आतलं असलं की सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे तीन अक्षरं येतात, अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्याच्यापुढे बहुतेक वेळा आईचं नाव असतं. जमीन पोराची, सही आईची.

माझ्या चुलतभावाच्या नावापुढे ही अक्षरं अकरा वर्षं होती. काका गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्या अकरा वर्षांत काकूंनी सोसायटीचं कर्ज फेडलं, विहीर बांधून काढली, धुऱ्यावरून चाललेलं जुनं भांडण मिटवलं. भाऊ सज्ञान झाला तशी ती तीन अक्षरं गेली, आणि पुढे काकूंनी आपला हिस्साही हक्कसोड करून त्याच्या नावे केला. आज तो सातबारा काढला तर आजोबा, काका, भाऊ अशी सरळ रेघ दिसते. मधली अकरा वर्षं कोणी पेलली, हे जुने फेरफार उपसल्याशिवाय कळत नाही.

राजघराण्यांच्या वंशावळी वाचताना मला हा सातबारा आठवतो. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. गादी बापाकडून लेकाकडे पाण्यासारखी वाहत गेली असं वाटतं. पण जिथे बाप अकाली गेला, लेक लहान राहिला, दोन भावांत दुही झाली, तिथे ती गादी कोणाच्या हातांनी तोलली, हे वंशावळ सांगत नाही. ते शोधायला मला फार लांब जावं लागत नाही. मालेगावहून वाशीम वीसेक किलोमीटर आहे, आणि सतराशे वर्षांपूर्वी वाशीम ही एका राजघराण्याची राजधानी होती.

त्या काळी गावाचं नाव होतं वत्सगुल्म. प्राकृतात त्याचं वच्छोम झालं, पुढे वाशीम, आणि इंग्रजांच्या कागदांत बासिम. कामसूत्रात वत्सगुल्मच्या लोकांचा उल्लेख आहे आणि त्यावर टीका लिहिणाऱ्या यशोधराने नावाची फोड करताना सांगितलंय, की दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र, सख्खे भाऊ, होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. गावातली कथा वेगळी आहे, ती वत्स ऋषींची आणि त्यांच्यासाठी जमलेल्या देवांची. नावाची खरी उपपत्ती काहीही असो, दोन भावांची ती आठवण मला अर्थपूर्ण वाटते, कारण वत्सगुल्मचं राज्य जन्माला आलं तेच मुळी एका वाटणीतून.

घराणं वाकाटकांचं. मूळ पुरुष विंध्यशक्ती, काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा मध्य. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन हा या घराण्यातला सगळ्यात मोठा राजा. त्याने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ ही पदवी घेतली. त्याच्यानंतर एकाही वाकाटक राजाने स्वतःला सम्राट म्हणवलं नाही, सगळे ‘महाराज’ या पदवीवर थांबले. पुराणांत त्याच्या राजवटीची 60 वर्षं मोजली आहेत. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण राजा फार जगला हे नक्की, आणि राजा फार जगला की वारशाचा प्रश्न हमखास उभा राहतो. थोरला मुलगा गौतमीपुत्र बापाच्या हयातीतच गेला.

म्हणजे म्हातारा सम्राट गेला तेव्हा एका बाजूला थोरल्याचा मुलगा रुद्रसेन आणि दुसऱ्या बाजूला जिवंत असलेले धाकटे मुलगे. पुराणं म्हणतात, चार मुलगे होते आणि चौघेही राजे झाले. पुराव्यानिशी आपल्याला दोनच शाखा ठाऊक आहेत. नातू रुद्रसेन रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला, बसला. आणि त्याचा काका सर्वसेन बसला वत्सगुल्मला. काका-पुतण्यांच्या वाटणीची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही, पण तिची इतकी जुनी नोंद आपल्या पायाखाली आहे हे माझ्या ओळखीतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

या वाटणीत पोरक्या पुतण्याचा निभाव कसा लागला? त्याचं उत्तर नंदिवर्धन शाखेच्या राजांच्या ताम्रपटांत आहे. वंशावळ सांगताना हे राजे रुद्रसेनापाशी आले की न चुकता एक गोष्ट जोडतात: हा भारशिव घराण्याच्या महाराज भवनागाचा दौहित्र, म्हणजे मुलीचा मुलगा. बाकीचे पूर्वज बापाच्या नावाने येतात आणि हा एकटा आईच्या बापाच्या नावानेही येतो. भवनाग हा ग्वाल्हेरकडच्या पद्मावतीचा नाग राजा. आपल्याकडे लहानपणी बाप गेलेल्या पोराबद्दल ‘आजोळाने उभं केलं’ असं म्हणतात, तेच इथे तांब्यावर कोरून ठेवलंय. पुढच्या पिढ्यांना त्याचा कमीपणा वाटला नाही. उलट सही-शिक्क्याच्या कागदात ते दरवेळी लिहिलं गेलं.

आता मजकूर इकडे, वाशीमकडे आणतो. सर्वसेन हा राजा होता तसाच कवीही होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचं काव्य माहाराष्ट्री प्राकृतात लिहिलं. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, तो त्याचा विषय. काव्य हरवलं; पण आनंदवर्धनासारख्या काश्मिरातल्या काव्यशास्त्रकाराने पाच शतकांनंतर त्याची दखल घेतली, म्हणून ते होतं हे आपल्याला कळतं. ज्या भाषेतून पुढे मराठी आली त्या भाषेत वाशीमचा राजा काव्य लिहीत होता, ही गोष्ट आमच्या शाळेत कोणी सांगितली असती तर मी वर्गात ताठ बसलो असतो. नंतर राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नच वत्सगुल्म नगरात लावून दिलं.

आणि एवढं असून ही शाखा इतिहासातून पुसली गेली होती. 1939 पर्यंत वत्सगुल्मला वाकाटकांची वेगळी गादी होती हे कोणालाच माहीत नव्हतं. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याबाहेरच्या डाव्या भिंतीवर, एक मोठा शिलालेख आहे. त्यात वाकाटक राजांची ओळीने नावं आहेत, पण पंधरा पावसाळी शतकांनी भिंत इतकी झिजवली आहे की काही नावांची एकदोन अक्षरंच उरलीत. एकोणिसाव्या शतकात तो वाचणाऱ्या विद्वानांपुढे नंदिवर्धनची वंशावळ होती, दुसरी नव्हती. तेव्हा भिंतीवरच्या फुटक्या जागी त्यांनी त्याच शाखेची नावं बसवली. एकाचा सातबारा दुसऱ्याच्या खात्यावर चढावा तसं झालं. वत्सगुल्मचे राजे भिंतीवर होते, पण दुसऱ्यांच्या नावाने.

1939 मध्ये वाशीमला एक ताम्रपट सापडला. विंध्यशक्ती दुसरा याने राज्याच्या 37व्या वर्षी वत्सगुल्मातून तो दिलेला. तो स्वतःची ओळख सांगतो: धर्ममहाराज, सर्वसेनाचा मुलगा, प्रवरसेन सम्राटाचा नातू. एवढ्या एका वाक्याने सगळं उलगडलं. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी हा पट हाताशी धरून अजिंठ्याची भिंत पुन्हा वाचली आणि झिजलेल्या अक्षरांतून सर्वसेन बाहेर आला. माझ्या मते विदर्भाच्या इतिहासातलं यापेक्षा देखणं काम दुसरं नाही: ना युद्ध, ना उत्खनन, नुसतं काळजीने केलेलं वाचन.

त्या ताम्रपटाजवळ थोडं थांबायला हवं. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, आणि प्रत्यक्ष दान, हद्द, सवलती यांचा भाग प्राकृतात. राजाने आपलं कुळ सांगायला देवभाषा वापरली आणि जमिनीचा व्यवहार सांगायला लोकांना कळेल अशी भाषा. नंदिकड, म्हणजे नांदेड, त्याच्या उत्तरेकडच्या वाटेवरचं आकासपद्द नावाचं गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याचा हा दाखला. पुढे सवलतींची यादी येते: या गावात शिपाई शिरणार नाहीत, मीठ खणण्याचा राजहक्क इथे चालणार नाही, फुलं आणि दूध घेतलं जाणार नाही, गाई-बैल मागितले जाणार नाहीत, कातडं आणि कोळसा मागितला जाणार नाही, अधिकाऱ्यांसाठी खाटा द्याव्या लागणार नाहीत. या यादीवरून कळतं, की ज्या गावांना सवलत नव्हती तिथे हे सगळं घडत होतं. सरकारी माणूस मुक्कामाला आला की खाट टाका, दूध आणा, बैल जुंपा. घराणी येतात-जातात, गावच्या माणसाच्या अंगणातून खाट उचलली जाते की नाही, त्याच्यासाठी राज्य म्हणजे एवढंच असतं.

विंध्यशक्तीनंतर त्याचा मुलगा प्रवरसेन आला. आणि मग अजिंठ्याचा लेख अशी एक गोष्ट सांगतो की तिथे मी दरवेळी अडतो: पुढचा राजा आठ वर्षांचा असताना गादीवर आला आणि त्याने राज्य नीट चालवलं. भिंतीवर त्याचं वय शिल्लक आहे, नाव झडलंय. शेकडो वर्षं तो नुसता ‘आठ वर्षांचा’ होता. नाव मिळालं ते खानदेशातल्या थाळनेरच्या ताम्रपटांतून, तापीकाठच्या. तो दुसरा सर्वसेन.

आठ वर्षांचं पोर राज्य नीट चालवत नाही. कोणी तरी त्याच्यासाठी चालवतं.

हे कसं होत असेल याचं चित्र भाऊबंदांच्या घरातून, नंदिवर्धनहून, मिळतं. तिथला दुसरा रुद्रसेन तरुणपणीच गेला, साधारण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याची राणी प्रभावतीगुप्ता ही पाटलीपुत्राच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. मुलगा दिवाकरसेन लहान. तिने कारभार हाती घेतला. पुण्यात एका तांबटाच्या घरी सापडलेला तिचा ताम्रपट आहे, तो या कारभाराच्या 13व्या वर्षाचा. तेरा वर्षं झाली तरी दिवाकरसेन अजून ‘युवराज’ आहे आणि शिक्का म्हणतो, ही युवराजाच्या आईची आज्ञा. म्हणजे थेट अ. पा. क. आई!

पण तिचा ताम्रपट नीट वाचला तर ती निव्वळ पालनकर्ती वाटत नाही. वंशावळ सुरू होते ती नवऱ्याच्या घराण्यापासून नव्हे, माहेरच्या गुप्तांपासून. गोत्रही ती वडिलांचं, धारण, लावते. वाकाटकांचं विष्णुवृद्ध नाही. नवरा आधीच्या राजांसारखा शैव होता, तो चक्रपाणीचा भक्त झाला तोही तिच्यामुळे असावा असं जाणकार मानतात. दिवाकरसेनाचं पुढे काय झालं ते लेखांत येत नाही. राजा म्हणून तो दिसत नाही. पुढे दामोदरसेन आणि प्रवरसेन ही तिच्या मुलांची नावं दिसतात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा आणखी एक ताम्रपट मिळाला. हे रिद्धपूर म्हणजे महानुभावांचं, गोविंदप्रभूंचं. तो पट प्रवरसेनाच्या 19व्या वर्षी रामगिरीच्या देवापाशी दिलेला. मुलाला गादीवर बसून एकोणीस वर्षं झाली तरी आई स्वतःच्या नावाने दान देते आहे. काही वर्षांपूर्वी नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, लंबगोल, सहा-साडेसहा ग्रॅमची, वर शंख उमटवलेली. मुठीत बंद केली तर दिसणार नाही एवढी. तिच्या जोरावर एका राज्याची आज्ञापत्रं फिरत होती.

वाशीमच्या आठ वर्षांच्या राजामागे अशी मुद्रा कोणाची होती, ते भिंतीने जपलेलं नाही. पण त्याच्या मुलाच्या काळात राज्य कोणी चालवलं ते मात्र स्पष्ट लिहिलंय. मुलगा देवसेन. अजिंठ्याचा लेख सांगतो, की हस्तिभोज नावाचा मंत्री मिळाल्यावर राजाने राज्याचा भार त्याच्यावर टाकला आणि आपण सुखोपभोगात रमला. लेख लिहवून घेणारा वराहदेव हा हस्तिभोजाचाच मुलगा, तेव्हा बापाची थोरवी वाढवून सांगण्याचा मोह त्याला झाला असेल. तरी राजाबद्दल असं लेण्याच्या भिंतीवर कोरण्याइतकं मंत्रिघराणं घट्ट होतं, हे खरंच. राजाच्या घरासारखीच मंत्र्याच्या घरातही बाप-लेकांची परंपरा चालत होती. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात तर वराहदेवाने आपल्या कुळाच्या कितीतरी पिढ्यांची नावं कोरली आहेत.

देवसेनाच्या काळाचा एक दगड वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याला सापडला, आणि सगळ्या वाकाटक कालगणनेची तो खुंटी ठरला. वाकाटक राजे आपल्या राज्याची वर्षं मोजत. ‘राज्याच्या 37व्या वर्षी’ म्हटलं की नेमकं कोणतं साल ते आपल्याला कळत नाही. बोराळ्याच्या लेखात शक 380 दिलाय, म्हणजे इसवी सन 458. देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने तिथे तलाव बांधला आणि त्याला नाव दिलं सुदर्शन. याच सुमारास, 455 ते 457 च्या दरम्यान, गिरनारचा प्रसिद्ध सुदर्शन तलाव फुटला होता आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने तो पुन्हा बांधला होता. गिरनारची वार्ता वाशीमच्या अधिकाऱ्याच्या कानावर आली असेल का, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात, राजा रंगमहालात असताना एका अधिकाऱ्याने पाणी अडवलं, ही नोंद मला अश्वमेधापेक्षा मोठी वाटते.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याच्या वेळी वत्सगुल्मची सत्ता कळसाला पोचली. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी नावं अजिंठ्याच्या लेखात त्याच्या पराक्रमात येतात. त्यातलं प्रत्यक्ष राज्य किती आणि नुसता दबदबा किती, हे ठरवणं अवघड आहे. स्तुतिलेखाला मोजपट्टी लावताना हात आखडता ठेवावा. पण 16 आणि 17 क्रमांकाची लेणी त्याच्याच काळातली, आणि जगभरचे लोक जे अजिंठा बघायला येतात त्यातला मोठा भाग वाशीमच्या गादीच्या सावलीत रंगला. एवढ्या उंचीवरून घराणं एकदम नाहीसं झालं. हरिषेणानंतर कोणत्याही वाकाटक राजाचा लेख नाही.

शेवट कसा झाला असेल याची एक चाहूल दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तून येते, असं मिराशींचं म्हणणं. तिथल्या एका गोष्टीत विदर्भाचा तरुण राजा व्यसनात बुडतो, खुशमस्कऱ्यांचं ऐकतो, मांडलिक उलटतात, शेजारचे राजे चाल करून येतात, राजा मारला जातो. आणि त्याची विधवा लहान मुलाला घेऊन पळते. कादंबरीला इतिहास मानायचं का, यावर मतभेद आहेत. पण ज्या लेखकाला विदर्भाच्या राज्याची अखेर सांगायची होती, त्याला शेवटी गादीचा वारस आईच्या पदरातच दिसला.

असं फक्त आपल्याकडेच होतं का? प्रशांत महासागरात टोंगा नावाचं राज्य आहे, सुमारे 170 बेटं आणि जेमतेम लाखभर लोक. पॉलिनेशियात आजही गादीवर स्वतःचा राजा असलेला तो एकच स्वतंत्र देश. वत्सगुल्मची वाटणी समजून घ्यायला मला टोंगाचा फार उपयोग झाला. तिथे ‘तुई टोंगा’ नावाची गादी साधारण दहाव्या शतकापासून चालत आलेली. पंधराव्या शतकात एका तुई टोंगाचा खून झाला. मुलाने मारेकऱ्यांना बेटाबेटांतून हुडकून काढलं, आणि मग ठरवलं की रोजचा राज्यकारभार आता धाकट्या भावाने पाहावा, थोरल्याने देवत्व आणि मान सांभाळावा. दोन गाद्या झाल्या. 1600 च्या आसपास दुसऱ्या घराण्यातून तिसरं फुटलं, तुई कानोकुपोलू. त्या तिसऱ्याचीच आज सत्ता आहे. प्रतिष्ठा एका घरात आणि तलवार दुसऱ्या घरात, हे सातारा आणि पुणे पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

टोंगाची खरी गंमत मात्र आत्येत आहे. तिथे बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. बापाची बहीण घरात सगळ्यात वरची. तिचा शब्द लग्नात, मयतीत शेवटचा. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि त्यानंतर तिचा अधिकार साडीचोळीवर आटोपतो. तिथे तो अधिकार जन्मभर टिकतो. तुई टोंगाची बहीण खुद्द तुई टोंगाहून श्रेष्ठ, आणि तिची मुलगी त्याहून श्रेष्ठ. मग बहिणीच्या मुलांनी गादी मागितली तर? त्यावर त्यांनी तोड काढली. राजाच्या बहिणीचं लग्न फिजीतून आलेल्या कुळात लावायचं. मान तिच्याकडे राहिला, पण तिची मुलं परक्या घरची ठरली. आमच्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. समुद्रापलीकडे तेच काम लग्नाने होत होतं.

1875 मध्ये राजा पहिला जॉर्ज टुपू याने राज्यघटना दिली आणि वारशाचा नियम लेखी झाला: रीतसर लग्नातून झालेली संतती, थोरल्याचा हक्क आधी, मुलगे आधी आणि मग मुली. कायदा झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची परीक्षा आली. राजा पहिल्या प्रवरसेनासारखाच दीर्घायुषी. 1893 मध्ये तो गेला तेव्हा मुलगा, नातू, नात सगळे त्याच्या आधी गेलेले. गादी मिळाली पणतूला, आणि तो होता नातीचा मुलगा. म्हणजे नव्या लेखी कायद्यातली पहिलीच वारसनोंद आईकडून लागली, भवनागाच्या दौहित्रासारखी. त्या पणतूची मुलगी सालोटे 1918 मध्ये अठराव्या वर्षी राणी झाली आणि 1965 पर्यंत तिने राज्य केलं. तिचा नवरा दुसऱ्या घराण्यातला, तिच्या आईकडून जुन्या तुई टोंगांचं रक्त आलेलं. तेव्हा सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी फुटलेली तिन्ही घरं तिच्या मुलात पुन्हा एक झाली. वाटणी पुरुषांनी केली होती, सांधली एका बाईने.

आमच्या भागालाही असा प्रसंग पुन्हा आला होता. वऱ्हाडात ज्यांचा अंमल चाले त्या नागपूरकर भोसल्यांत जानोजी 1772 मध्ये वारला. त्याला मूल नव्हतं. त्याने भाऊ मुधोजीचा मुलगा रघूजी दत्तक घेतला होता, पण दुसरा भाऊ साबाजी आडवा आला. 1775 मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजीच्या हातून पडला आणि लहान रघूजी गादीवर पक्का झाला. पुढे 1818 च्या धामधुमीनंतर पुन्हा एक लहान रघूजी गादीवर आला, तेव्हा कारभार सांभाळला त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्या बांकाबाईने. 1853 मध्ये हा तिसरा रघूजी निपुत्रिक गेला आणि डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. दत्तक ही आपल्याकडची जुनी सोय होती, घर बंद पडू नये म्हणून विधवेच्या मांडीवर मूल बसवण्याची. कंपनी सरकारने नेमका तोच दरवाजा लावून घेतला.

मागच्या पावसाळ्यानंतर मी अजिंठ्याला गेलो होतो. 16 क्रमांकाच्या लेण्याच्या त्या डाव्या भिंतीपुढे फारसं कोणी थांबत नाही; सगळे आत चित्रं बघायला जातात. अक्षरं उन्हात तिरपी धरली की दिसतात, नाहीतर दगडाच्या सुरकुत्यांत मिसळून जातात. मी शोधत होतो ती आठ वर्षांच्या राजाची ओळ. मार्गदर्शकाला विचारलं, त्याने अंदाजाने हात दाखवला. तिथे दगड फुटून खवले पडलेत. नाव इथून गेलं आणि थाळनेरहून परत आलं, एवढं तरी त्या पोराचं भाग्य.

त्याच्या आधीच्या ओळीत त्याचा बाप आहे, पुढच्या ओळीत त्याचा मुलगा. परत येताना मेहकरवरून आलो, मालेगावला पोचायला रात्र झाली. काकू जाग्या होत्या. काय बघितलं म्हणून विचारलं, तेव्हा त्या पोराचं सांगितलं. आठव्या वर्षी बाप गेला आणि राज्य आलं म्हटल्यावर काकूंनी पहिला प्रश्न केला, ‘अन् त्याची माय कोण होती?’